पाळणाघर बंद झालेलं नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी रोज सकाळी सहा चाळीसला एक छोटा लेख टाकायचो. सदराचं नाव ‘माझं मत’. बायकोने दुसरं एक नाव सुचवलं होतं, ते इथे देत नाही. सहा चाळीस ही वेळ मी फार विचार करून ठरवली होती. त्या वेळी माणूस उठलेला असतो पण पुरता जागा झालेला नसतो, आणि अशा अवस्थेत चांगले विचार मनावर नीट उमटतात, असं माझं मत होतं. त्यावरही एक लेख झाला होता.

विषयांना तोटा नव्हता. कामाच्या सवयींवर मी अकरा लेख लिहिले: एका वेळी एकच काम करावं, टेबलावर एकच कागद असावा, चहाला उठलेल्या माणसाने चहाच प्यावा. तंत्रज्ञानाने माणसाचं काय करून ठेवलंय यावर नऊ लिहिले, ते सगळे फोनवर, अंगठ्याने, काही लिफ्टमध्ये आणि काही जेवताना. त्रेचाळिसावा लेख माध्यमांच्या जबाबदारीवर होता. ‘बातमी देणाऱ्याने आधी विचारावं, मग लिहावं आणि शंका असेल तर गप्प बसावं’ असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं की मी ते ठळक केलं. हा लेख मंगळवारी सकाळचा. मंगळवारी संध्याकाळी मी काय केलं ते सांगायची मला फारशी घाई नाही, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

चौऱ्याऐंशी घरांच्या त्या ग्रुपात माझे लेख वाचतं कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नसे. रोज चार-पाच अंगठे यायचे. त्यातला एक पाचव्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा. ते कशालाही अंगठा देतात. उद्या पाणी येणार नाही या सूचनेलाही त्यांनी दिला होता. मन लावून वाचणारा वाचक मला एकच लाभला होता आणि तो माझ्याच घरात राहत होता. माझे सासरे. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी एका वर्तमानपत्रात एकतीस वर्षं नोकरी केली. वर्तमानपत्रात म्हणजे बातमीदार की संपादक, असं कोणी विचारलं तर ते सांगतात, ‘‘मी दुरुस्तीवाला.’’ दुसऱ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात दोन इंचांची एक चौकट असायची. कालच्या अंकात कोणाचं वय, हुद्दा किंवा निकाल चुकला असेल तर आज तिथे खरं छापायचं. ती चौकट अण्णांची. ऑफिसात ते एखाद्याच्या टेबलाच्या दिशेने यायला लागले की तो माणूस टेबलाखाली पडलेलं पेन शोधू लागायचा.

माझा लेख वाचून झाला की अण्णा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, ‘‘मतं चांगली आहेत, जावईबापू. मत लिहायला खुर्चीतून उठावं लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.’’ मी हे कौतुक म्हणून घेत होतो.

तर मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना मला समोरच्या इमारतीपुढे टेम्पो उभा दिसला. त्या इमारतीच्या तळमजल्यावर बावीस वर्षं एक पाळणाघर चालतं. माझी मुलगी तिथेच दुपारची झोपून मोठी झाली. आता ती कॉलेजात जाते आणि दुपारची घरी झोपते. टेम्पोत लहान लहान खाटा चढवल्या जात होत्या, एकावर एक, पाय वर केलेल्या. दाराला कुलूप होतं. मला गलबलून आलं. आणि खोटं कशाला बोलू, दुसरीही एक गोष्ट मनात आली. मुलगी आदल्याच दिवशी म्हणाली होती की बाबा, तुमच्या लेखांना फोटो नसतो म्हणून कोणी बघत नाही. मी फोटो काढला आणि तिथेच फुटपाथवर उभं राहून लिहिलं:

‘बावीस वर्षं आपल्या मुलांना सांभाळणारं समोरचं पाळणाघर आज बंद झालं. चिमुकल्या खाटा निघाल्या. एक पर्व संपलं. आपण कोणी साधं विचारायलाही गेलो नाही.’

शेवटचं वाक्य किती खरं आहे ते मला तेव्हा कळलं नाही. टेम्पोवाला माझ्यापासून सहा पावलांवर दोरी आवळत होता. त्याला विचारलं असतं तरी भागलं असतं. मी विमा कंपनीत दावे तपासतो. गाडीची काच फुटली म्हणून कोणी आला तर मी त्याच्याकडे तीन कागद आणि काचेचे तुकडे मागतो. पण ते ऑफिसात. संध्याकाळी सहानंतर माझा माणसांवर विश्वास बसतो, त्यातही स्वतःवर जास्त.

घरी पोचून बूट काढेपर्यंत एकसष्ट जणांनी दाद दिली होती. एकसष्ट! रडक्या चेहऱ्यांची रांग लागली होती. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी आजवर माझ्या लेखांत फक्त वेलांट्या सुधारल्या, त्यांनी ‘डोळे पाणावले’ असं लिहिलं. जेवताना मी दोनदा फोन पाहिला. ‘जेवणाच्या टेबलावर फोन नको’ हा माझाच सतरावा लेख आठवून तिसऱ्यांदा मांडीवर ठेवून पाहिला.

बुधवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला मीच काढलेला फोटो दाखवला. ‘‘तुमच्या भागातलं पाळणाघर सील केलं म्हणे. खाटांना वाळवी लागली होती. एक मूल पडलं.’’

‘‘छे हो,’’ मी म्हणालो, ‘‘तसं काही नाही. ते नुसतं बंद झालंय.’’ एका खोट्या बातमीच्या जागी मी दुसरी खोटी बातमी ठेवत होतो, आणि तीही अगदी जाणकाराच्या थाटात.

संध्याकाळी बेल वाजली. दारात पाळणाघराच्या बाई. साठीच्या, ठेंगण्या. त्यांचा आवाज कायम हळू असतो, कारण आयुष्यभर शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलेलं. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. माझा मजकूर त्यांना कोणा आईने वाचून दाखवला होता आणि त्यांनी तो हजेरीच्या कागदामागे पेन्सिलीने उतरवून आणला होता. माझी वाक्यं इतक्या सुंदर अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिली.

‘‘हे तुम्ही लिहिलंत?’’

‘‘हो. म्हणजे, भावना अशी होती की...’’

‘‘खाटा रंगवायला दिल्यात. रविवारी येतील. तोवर मुलं गाद्यांवर झोपतात.’’ त्यांनी कागदाची घडी घातली. ‘‘चौदा मुलं आहेत माझ्याकडे. आज पाच आली. बाकीच्यांनी दुसरीकडे सोय केली. एकजण म्हणाली, तुमच्याकडे मूल पडलं ना? बावीस वर्षांत माझ्याकडे मूल पडलेलं नाही हो.’’

‘‘मला वाटलं...’’

‘‘मला विचारायचं ना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या मुलीला मी तीन वर्षं सांभाळलं. रस्ता ओलांडून तर यायचं होतं.’’

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं. त्यांनी कागद पिशवीत टाकला आणि पाच मुलांवर हे महिनाभरसुद्धा चालणार नाही, मग खरंच बंद करावं लागेल, एवढं सांगून गेल्या. मी वळलो तर बायको माझ्याकडे बघत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने मला बऱ्याच नजरांनी पाहिलंय. ही नवी होती.

मी तडक फोन उचलून मजकूर पुसायला घेतला.

‘‘बाबा, पुसू नका!’’ मुलगी ओरडली. ‘‘पुसलं की तिथे तसं लिहून येतं. लोकांना वाटेल, कोणीतरी प्रकरण दाबलं.’’

तोवर मी पुसलं होतं. दोन मिनिटांत दंतवैद्यांनी लिहिलं, ‘दबाव आला वाटतं?’ आणि त्यावर स्वतःच अंगठा दिला.

मग मी दुरुस्ती लिहायला बसलो. चारशे शब्द झाले. त्यात माझा हेतू होता, माझं हळवं मन होतं, पाळणाघराशी असलेले माझे ऋणानुबंध होते आणि आजच्या धावपळीच्या जगात होणारे गैरसमज होते. अण्णांनी ओळींखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

‘‘चूक काय झाली ते तिसऱ्या परिच्छेदात सापडलं,’’ ते म्हणाले. ‘‘तेही मी शोधत होतो म्हणून. कागद आणा.’’

मी कागद आणला. अण्णांनी पेन्सिल कानामागून काढली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी पेन्सिल तिथेच असते. ‘‘दुरुस्तीत विशेषण घालायचं नाही. सबब घालायची नाही. आणि तुमचं मन तर मुळीच घालायचं नाही, त्याला फार जागा लागते.’’ शेवटी कागदावर उरलं ते असं:

‘समोरचं पाळणाघर बंद झाल्याचं मी मंगळवारी लिहिलं. ते चूक आहे. पाळणाघर चालू आहे. खाटा रंगवायला गेल्या आहेत. तिथे कोणतंही मूल पडलेलं नाही. मी न विचारता लिहिलं.’

शेवटच्या वाक्यावर मी थोडी हुज्जत घातली. ‘‘ ‘अनवधानाने’ म्हणू या का?’’

‘‘तुम्ही विचारलं होतंत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग न विचारता.’’

मजकूर ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले. एक बायकोचा, एक मुलीचा आणि तिसरा कोणाचा ते सांगायला नको. पुढे तो कोणी कोणाला पाठवला नाही. वाळवी, सील आणि पडलेलं मूल शहरभर फिरत राहिले आणि माझी सहा वाक्यं चौऱ्याऐंशी घरांच्या जिन्यातच बसून राहिली.

गुरुवारी मी सल्ला घ्यायला निघालो. हे मी करायला नको होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, नोटीस बोर्डावर लावा. मी कागद पुढे केला. ते म्हणाले, असा नाही, दोन प्रतींत अर्ज करा, कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवू. बैठक कधी? बोर्डाच्या काचेची किल्ली सापडली की. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, ते कुठल्याशा कंपनीचा माल खपवतात. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘याहून मोठी बातमी सोडा. लिफ्ट तुटली म्हणून लिहा. लोक पाळणाघर विसरतील.’’ मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या दुरुस्तीतली एक वेलांटी सुधारली. आणि त्यातच आमच्या भागात फुकट वाटलं जाणारं जाहिरातींचं साप्ताहिक दारात येऊन पडलं. पहिल्या पानावर खाटांचा फोटो होता.

मी धावतच साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादक, जाहिरात-प्रमुख आणि वाटप-प्रमुख असे तिघेही एकाच खुर्चीत बसले होते. ते एकच गृहस्थ होते.

‘‘फोटो तुम्ही काढलात, मजकूर तुमचा. आता तुम्हीच म्हणता खोटं आहे. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?’’ ते म्हणाले. ‘‘पाळणाघर चालू असल्याचा दाखला आणा.’’

बंद असल्याचा कुठला दाखला तुम्ही मागितला होता, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण हा प्रश्न मला विचारला गेला तर काय, हे मनात येऊन मी गिळला आणि सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘बंद झाल्याचा दाखला मिळेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चालू असल्याचा नमुना आमच्याकडे नाही. चालू असणाऱ्यांना तो लागत नाही.’’

‘‘मग काय करू?’’

‘‘आधी बंद करा. मग पुन्हा चालू केल्याचा दाखला मिळतो.’’

त्यांचा हेतू चांगलाच होता.

तिथून परतताना माझे पाय आपोआप पाळणाघराकडे वळले. सकाळी मी तो फुटपाथ टाळून गेलो होतो. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मोठी खुर्ची एकच होती आणि तिच्यावर एक मूल उभं होतं, म्हणून मी समोरच्या पिवळ्या छोट्या खुर्चीत बसलो आणि माफी मागितली. विशेषणाशिवाय, अण्णांनी सांगितल्याप्रमाणे. माफी संपवून मानाने उठलो तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. पुढून बाईंनी माझे हात ओढले, मागून तीन मुलांनी खुर्चीचे पाय ओढले. चौथं मूल, जे झोपेल म्हणून बाई तासभर थोपटत होत्या, ते उठून टाळ्या वाजवायला लागलं. बाई हसल्या. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले, असंही म्हणाल्या. घरी येऊन हे मी कोणालाही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी अण्णा बूट घालून दारात उभे होते. हातात वही. ‘‘किती घरी गेलं ते आपण शोधून काढू,’’ ते म्हणाले. ‘‘चूक जिथवर गेली तिथवर दुरुस्ती गेली पाहिजे. रजा टाका.’’

मग आम्ही निघालो. ग्रुपमधल्या कोणी कोणाला पाठवलं, त्याने पुढे कोणाला, असं विचारत विचारत अण्णा वहीत नावं उतरवत. पहिल्या घरची बाई म्हणाली, ‘‘मी नुसतं पुढे पाठवलं हो. खरं-खोटं माहीत नाही असं खाली लिहिलंसुद्धा होतं.’’ केशकर्तनालयाच्या मालकाने एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावलेला असतानाच सगळ्यांना गप्प केलं आणि दुरुस्ती ऐकून घेतली. दंतवैद्यांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या सहा जणांना मी ती वाचून दाखवली. त्यातल्या कोणालाच हे प्रकरण माहीत नव्हतं. पण दुखऱ्या दाढेवर गाल धरून बसलेल्या माणसाला ऐकायला काहीही चालतं. आतून दंतवैद्यांनी अंगठा दाखवला.

दार उघडलं की अण्णा ताठ उभे राहून म्हणत, ‘‘नमस्कार. एक दुरुस्ती आहे.’’ आणि माझ्याकडे बघत. वाचायचं मीच. मी एकदा म्हणालो, ‘‘अण्णा, तुम्हीच वाचा ना, तुमचा आवाज भारदस्त आहे.’’ ते म्हणाले, ‘‘आवाज ज्याने चूक केली त्याचाच लागतो.’’ ‘मी न विचारता लिहिलं’ या वाक्याशी मी पहिल्या वीस दारांत दर वेळी अडखळलो.

शनिवारी आम्ही, ज्यांनी मुलांची दुसरीकडे सोय केली होती, त्या नऊ घरांपैकी पहिल्या घरी पोचलो. पोरीच्या एका पायात बूट होता, दुसरा आईच्या हातात. मी सहा वाक्यं वाचली. आई हातातल्या बुटाची नाडी सोडवू लागली.

‘‘मला कळलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘गुरुवारीच कळलं. नव्या ठिकाणी ही दुपारभर रडते. पण आता बाईंकडे कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांनी हिला बोलायला शिकवलं, आणि मी एक फोन करून विचारलं नाही.’’

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा वहीकडे बघत होते. एकतीस वर्षांच्या दुरुस्त्यांत याच्यावर वाक्य नव्हतं.

‘‘माझं तोंड बघा,’’ मी एकदम म्हणालो. ‘‘हे तोंड घेऊन मी परवा त्यांच्याकडे गेलो होतो. तुम्ही नुसतं मानलंत, मी तर लिहिलं. त्यांनी मला पाणी दिलं. बसायला खुर्ची दिली.’’ आणि मग ते पिवळ्या खुर्चीचं सगळंच सांगून टाकलं, मुलांनी पाय कसे ओढले तेही. आई आधी तोंडावर हात ठेवून आणि मग हात काढून हसली. डोळे पुसत म्हणाली, ‘‘रागावल्या नाहीत त्या?’’

‘‘माझ्यावर नाही रागावल्या. तुमच्यावर कशा रागावतील?’’

ती खुर्ची मी रविवार संध्याकाळपर्यंत आणखी आठ घरी सांगितली. प्रत्येक घरी लोकांना खरी बातमी आधीच कळलेली होती आणि प्रत्येक घरी तीच लाज दार अडवून उभी होती. विमा कंपनीत मला लोक घाबरतात, ऑफिसात मी चालताना आवाज खाली येतात, आणि इथे मी परक्या दिवाणखान्यांत उभं राहून स्वतःच्या मागे खुर्ची कशी अडकली ते हातवारे करून दाखवत होतो. सहाव्या घरी तर आजोबांनी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. जिना उतरताना अण्णा म्हणाले, ‘‘दुरुस्तीत सबब नसावी असं मी सांगितलं होतं. खुर्चीबद्दल काही म्हणालो नव्हतो.’’

सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघं समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. खिडकीतून निळ्या रंगाच्या खाटा दिसत होत्या. आधी ती पाच मुलं आली. मग एका पायात बूट आणि दुसरा आईच्या हातात अशी ती पोरगी आली. आई दाराशी थबकली. बाईंनी काही न बोलता तिच्या हातातला बूट घेतला आणि खाली बसून पोरीच्या पायात घातला. मला ते पाहवेना, म्हणून मी अण्णांच्या वहीत डोकं घातलं. त्यानंतर एक एक करत आणखी सहा आली. साडेनऊपर्यंत थांबलो. दोन आली नाहीत.

‘‘येतील उद्या,’’ मी म्हणालो.

‘‘नाही येणार,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सगळे कधीच परत येत नाहीत. बारा आली, पाळणाघर चालेल. पण दोन खाटा रिकाम्या आहेत हे लक्षात असू द्या.’’

‘‘मी संध्याकाळी त्या दोन घरी पुन्हा जातो.’’

‘‘गेलं पाहिजे,’’ अण्णा म्हणाले. त्यांनी वही खिशात घातली. ‘‘जावईबापू, ज्यांच्याबद्दल चुकीचं छापलं त्यांच्या घरी मी अशीच दारं वाजवत फिरलो. दर वेळी निघताना लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी जायचो, म्हणायचो, चला बरोबर. कोणी आलं नाही. तुम्ही पहिले.’’

एवढी वर्षं हे एकटे परक्या दारांत उभे राहत होते, आणि मी त्यांना रोज सकाळी माध्यमांच्या जबाबदारीवर लेख वाचायला देत होतो. अण्णांनी माझ्या दंडाला धरलं. तीन दिवस जिने चढून त्यांचे गुडघे दुखत होते आणि तेव्हा कुठे त्यांनी ते कबूल केलं. आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर त्यांनी हात काढून घ्यायला पाहिलं, तर मी तो सोडला नाही.

‘‘संध्याकाळी मीही येतो,’’ अण्णा म्हणाले.

‘‘तुम्ही आराम करा, अण्णा,’’ मी म्हणालो. ‘‘मी जाऊन येतो आणि तुम्हाला सांगतो.’’